होडी मोडते कशी

अमेरिका आणि कॅनडाच्या सरहद्दीवर, मिनेसोटा राज्याच्या पार उत्तरेला ग्रॅनाइट नावाची एक नदी आहे. तिच्यातल्या एका खळाळाचं नाव ‘घोड्याची शेपटी’. १९६० साली काही हौशी पाणबुडे त्या खळाळाच्या पायथ्याशी उतरले, तेव्हा तळाच्या दगडगोट्यांत त्यांना पातेली सापडली. पितळी, एकात एक बसवलेली, बोहारणीच्या पाटीत असतात तशी. कित्येक पिढ्या ती चळत तशीच पाण्यात होती.

मग त्या भागातले इतरही खळाळ धुंडाळायची मोहीम निघाली. कुऱ्हाडी मिळाल्या, बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या, काचेचे मणी मिळाले. शोधणाऱ्यांचा हिशेब साधा होता. जुन्या नकाशांत जिथे खळाळाला वळसा घालणारी काठावरची पायवाट दाखवली आहे, नेमकं तिथेच खाली बघायचं. जिथे उतरून चालायला हवं होतं, तिथेच माणसं होडीतून गेली असणार आणि तिथेच माल बुडाला असणार.

हा माल फरच्या व्यापाऱ्यांचा. मॉन्ट्रियलहून भांडी, कापड, हत्यारं घेऊन पश्चिमेच्या रानात जायचं आणि तिथल्या मूळ रहिवाशांकडून बीव्हरची कातडी घेऊन परतायचं, असा हा धंदा होता. होड्या वल्हवणारे गडी फ्रेंच बोलणारे, त्यांना ‘व्हॉयाजर’ म्हणत. खळाळ आला की होडी रिकामी करायची, चाळीस किलोचं एक अशी दोन गाठोडी पाठीवर घ्यायची, दगडधोंड्यांतून पलीकडे टाकायची, परत यायचं, पुन्हा दोन उचलायची. शेवटी होडीही खांद्यावर. दिवसातून असं किती वेळा, त्याला गणती नाही. दहाव्या खळाळाशी एखाद्याच्या मनात आलं असेल, की पाणी तसं बरं दिसतंय, जाऊ या सरळ. काठावर लाकडी क्रूस उभे राहायचे ते अशा ठिकाणी.

म्हणजे खळाळत्या पाण्याचा पहिला नियम तेव्हाही सर्वांना पाठ होता: शंका आली तर उतरा आणि चाला. तो मोडण्याचं कारणही तेव्हापासून आजवर बदललेलं नाही. कंटाळा.

त्या गड्यांच्या उघड्या होड्या, म्हणजे कॅनू, भूर्जाच्या सालीच्या होत्या. आपल्याकडे हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या. तिकडच्या भूर्जाची साल जाड, तिची होडी व्हायची. सीडर लाकडाच्या पातळ बरगड्या, स्प्रूसच्या मुळ्यांची शिवण आणि सांध्यांवर त्याच झाडाचा डिंक चरबीत कालवून लिंपलेला. ही विद्या तिथल्या आदिवासी जमातींची. गोऱ्या व्यापाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. पंचवीस फुटी होडी दोघं उचलून नेत. खडकाला लागली की ती फाटायची. संध्याकाळी शेकोटीशी डिंक वितळवायचा, सालीचं ठिगळ लावायचं, सकाळी पुन्हा पाण्यात. दुरुस्तीचं सगळं सामान काठावरच्या झाडांत उभं होतं.

जुन्या होड्यांबद्दल हळवं होऊन बोलणारे लोक जगभर आहेत, आणि मला ते आवडतात. पण त्यांच्या आठवणींत होडी दिसते कशी याचंच कौतुक जास्त. माझ्या मते होडीची खरी ओळख ती मोडते कशी यात आहे. फेसाळत्या पाण्यातली सुरक्षितता ज्यांनी शिकवली, त्यांनी ती मोडलेल्या होड्यांकडे बघूनच शिकवली.

कयाकचं कूळ वेगळं. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची ती समुद्रातली होडी. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं, वर फक्त कमरेपुरतं भोक. शिकारी त्यात शिरला की कातडी अंगरखा भोकाच्या कडेला आवळायचा आणि माणूस व होडी एकजीव व्हायची. बर्फाच्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरणच. म्हणून उलटी झालेली होडी आत बसल्या बसल्या, वल्ह्याच्या एका झोक्यानं सुलटी करायची कला त्यांनी बसवली. युरोपला ही कला वाचून ठाऊक होती, करता कुणाला येत नव्हती. १९२७ साली हान्स एदी पावलाटा या ऑस्ट्रियन माणसानं प्रवाशांची वर्णनं वाचून वाचून एका तळ्यात ती स्वतःच जमवली. पुस्तक वाचून पोहायला शिकता येत नाही म्हणतात. हा गडी त्याला अपवाद.

पावलाटाच्या काळात जर्मनीत आणि ऑस्ट्रियात घडीच्या होड्यांचं वेड शिगेला होतं. १९०५ साली म्युनिकमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉइरिखनं बांबूच्या काठ्या आणि किंतान यांची घडी होणारी कयाक बनवून इझार नदीत घातली. दोन वर्षांनी तिचा हक्क रोझनहाइम गावच्या योहानेस क्लेपर यानं विकत घेतला. क्लेपर व्यवसायानं शिंपी. होडी शिंप्याच्या हातात गेली हे फार बरं झालं, कारण ही होडी मुळात शिवायचीच वस्तू होती. ॲश लाकडाचा सुटा सांगाडा, त्यावर रबर लावलेलं कापड, सगळं दोन पिशव्यांत मावणारं. शनिवारी कारखाना सुटला की पिशव्या पाठीवर टाकून आगगाडी पकडायची, डोंगरात वरच्या स्टेशनावर उतरायचं, पाऊण तासात होडी जोडायची आणि रविवारी संध्याकाळी खालच्या स्टेशनावरून घरी. शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल धरणाऱ्या आपल्या ट्रेकरांना हे वेळापत्रक नव्यानं समजवायला नको. पैसेवाल्यांच्या बोट-क्लबांत ज्यांना दारात उभं केलं नसतं, असे कामगार आणि विद्यार्थी या होड्यांमुळे नद्यांवर आले.

१९३८ साली बर्नार आणि जेनेव्हिएव्ह द कोल्माँ हे नवपरिणीत फ्रेंच जोडपं आणि त्यांचा मित्र आंत्वान द सेन असे तिघं तीन घडीच्या होड्या घेऊन अमेरिकेत पोचले. वायोमिंगमधून ग्रीन नदीत उतरले, ती कोलोरॅडोला मिळते तिथून पुढे थेट लीज फेरीपर्यंत गेले. या नद्या तोवर मोठ्या लाकडी बोटींच्या. ही कापडी खेळणी पाहून काठावरच्यांनी कपाळाला हात लावला असणार. पण होड्या टिकल्या. जेनेव्हिएव्ह या नद्यांतून कयाक नेणारी पहिली स्त्री ठरली. मधुचंद्राला इतकं गार पाणी दुसऱ्या कुणी निवडलं असेल असं वाटत नाही.

कापडी होडी खडकावर आडवी गेली तर तिच्या बरगड्या मोडत, कापड टरकन फाटे. होडी गेली, पण बसलेला माणूस त्या चिंध्यांतून बहुधा मोकळा होई. हा गुण त्या काळी कुणी गुण म्हणून मोजला नाही.

दुसऱ्या महायुद्धानं धातू आणला. ग्रमन ही हेलकॅट लढाऊ विमानं बनवणारी अमेरिकन कंपनी. तिचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये सुटीवर गेले असता लाकूड आणि किंतानाची ओली, जड कॅनू रानातून वाहून नेताना घामाघूम झाले, आणि विमानाचा पत्रा वापरला तर, हा विचार त्यांना तिथे सुचला. १९४५ पासून ग्रमनच्या ॲल्युमिनियमच्या कॅनू बाजारात आल्या. डिंक नको, रंग नको, अंगणात उपडी टाकून ठेवली तर वीस वर्षं काही होत नाही. उन्हात चटका, थंडीत गारठा आणि वल्हं लागलं की पिंप बडवल्यासारखा आवाज. पण दोन पिढ्यांनी नदी पाहिली ती याच चंदेरी होडीतून. खळाळातल्या खडकांवर त्यांनी घासून ठेवलेले चंदेरी ओरखडे ही तर त्या काळाची सहीच.

पत्र्याचा एक वाईट स्वभाव मात्र लवकर कळला. लाकूड खडकावरून घसरतं, ॲल्युमिनियम चिकटतं. आणि चिकटलेली होडी आडवी झाली की पुढचं सगळं दोन-तीन श्वासांत घडतं. प्रवाह होडीला खडकावर दाबतो. माणूस घाबरून खडकापासून दूर, म्हणजे प्रवाहाच्या बाजूला कलतो. ती कड पाण्याखाली जाते, नदी आत शिरते. आता होडीत माणसाऐवजी टनाच्या घरात पाणी बसलेलं असतं, आणि मागून येणारं पाणी दाबतच असतं. पत्रा खडकाभोवती असा गुंडाळला जातो, की बुटाच्या आणि धोंड्याच्या मध्ये सापडलेला डबा आठवावा. मध्ये कुणाचा पाय असेल तर तो तिथेच राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात, की खडकाला मिठी मारायची. ज्याची भीती वाटते त्याच्याच अंगावर झुकायचं, म्हणजे वरची कड उचललेली राहते आणि पाणी खालून निघून जातं. शरीराचा कल याच्या अगदी उलट असतो, आणि शिकवणं म्हणजे तो कल मोडणंच.

१९५४ साली अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या नदीवेड्यांनी ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ ही संघटना काढली आणि १९५९ मध्ये सुरक्षिततेची संहिता लिहिली. एकट्यानं जाऊ नये, लाइफ जॅकेट घालावं, आपल्या कुवतीबाहेरच्या पाण्यात शिरू नये. वाचायला घेतली तर आजीच्या सूचना. पण अशी आजी तोवर कुणाला नव्हती.

याच सुमाराला फायबरग्लास आलं. होडी आता गॅरेजमध्ये बनू लागली. क्लबातून साचा उसना आणायचा, काचेचं कापड अंथरायचं, रेझिन ओतायचं, आठवडाभर घरभर वास. नदीवर आपटली की तडा, काठावर चिकटपट्टी, घरी आल्यावर पुन्हा रेझिन. ज्यांच्या जवानीत हे झालं ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्या वासावरून त्यांचे डोळे भरून येतात. नाकाला न झोंबणाऱ्या वस्तूंवर माणूस फारसं प्रेम करत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

अशाच होडीतून ऑगस्ट १९७१ मध्ये वॉल्ट ब्लॅकॅडार आल्सेक नदीच्या टर्नबॅक कॅन्यनमध्ये उतरले. आयडाहोतल्या सॅमन गावचे हे डॉक्टर, वय एकोणपन्नास, कयाक चाळिशीनंतर शिकलेले. एका बाजूनं हिमनदी रेटतेय, दुसरीकडे कातळ, मध्ये चिंचोळ्या फटीतून सगळी नदी. आणि डॉक्टर एकटे. संहितेचं पहिलंच कलम मोडून ते जिवंत बाहेर आले, आणि पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही असं त्यांनी टिपणवहीत लिहिलं. पुढच्या वर्षी ती हकीकत ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये छापून आली आणि हा खेळ घरोघरी पोचला.

१९७२ हे वर्षच तसं होतं. म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्गला काँक्रीटची नदी बांधली गेली आणि स्लॅलम ही खळाळत्या पाण्यातली शर्यत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. पूर्व जर्मनीनं त्या कालव्याची आपल्याकडे गुपचूप नक्कल बांधून सराव केला आणि चारही सुवर्णपदकं नेली. त्याच वर्षी ‘डिलिव्हरन्स’ चित्रपट आला. जॉन व्हॉइट आणि बर्ट रेनॉल्ड्स कॅनूतून एका रानटी नदीत जातात आणि त्यांच्यावर नाही नाही ते प्रसंग येतात. बघणाऱ्यांनी घाबरून घरी बसावं असा हा चित्रपट. झालं उलटंच. जिथे त्याचं चित्रण झालं होतं त्या जॉर्जियाच्या सीमेवरच्या चॅटूगा नदीवर झुंबड उडाली. दुकानातून आणलेला रबरी तराफा, बिअरचा खोका, हेल्मेट नाही, जॅकेट नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या नदीत बरेच जण बुडाले.

आणि अशात प्लॅस्टिक आलं. ओल्ड टाउन या जुन्या कंपनीनं रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लॅस्टिकची कॅनू काढली आणि जाहिरातीसाठी ती कारखान्याच्या छपरावरून खाली फेकून दाखवली. कॅनू टुणकन उडाली, पण मोडली नाही. कयाकही आता साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून, साचा तापवत फिरवून बनू लागली. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी बनते तशीच. ठिगळं गेली, रेझिन गेलं, रविवार रात्रीची दुरुस्ती गेली. न फुटणारी होडी आली, आता काय हवं?

घात झाला तो इथे. फायबरग्लासची कयाक धबधब्याखाली नाक खुपसून अडकली तर बहुधा फुटे आणि माणूस तुकड्यांबरोबर बाहेर पडे. प्लॅस्टिक फुटत नव्हतं, दुमडत होतं. नाक दोन दगडांत रुतलेलं, मागून पाणी पाठीवर कोसळतंय, आणि पुढचं प्लॅस्टिक दुमडून मांड्यांवर बसतंय. बसायचं भोक त्या काळी लहान आणि गोल असे. बाहेर पडायचं तर पाय आधी सरळ करून मागे सरकायला हवं, आणि पाय तर दाबले गेलेले. लोक मेले तेव्हा कुठे कारखानदारांनी आत पायांमधून उभी फोमची भिंत घातली, म्हणजे होडी चपटी होईना. बसायचं भोक कुलपाच्या किल्लीच्या छिद्रासारखं लांबट केलं, म्हणजे गुडघे वर घेऊन एकदम उठता येईल. टोकांना दोर पकडायच्या भक्कम कड्या आल्या. आज दुकानात कयाक बघताना आपण रंग पाहतो. तिच्या पोटातली ती फोमची भिंत कुणी पाहत नाही.

या सगळ्याची नोंद ठेवणारा एक माणूस होता हे आपलं नशीब. चार्ली वॉलब्रिज यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून नदीवरच्या मृत्यूंची चौकशी करून त्यांची टिपणं छापायला सुरुवात केली. दोष कुणाचा यापेक्षा झालं कसं यावर त्यांचा भर. अशा टिपणांतूनच एक न सुचणारी गोष्ट ठळक झाली. पट्टीचे पोहणारे कमरेएवढ्या पाण्यात मरत होते. होडीतून पडलेला माणूस तळ लागला म्हणून उभा राहतो, पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं, मागून प्रवाह पाठीवर येतो आणि माणूस पालथा होतो. पाय सोडवायचा तर प्रवाहाच्या उलट ओढायला हवा, आणि ते त्याला एकट्याला शक्य नसतं. काठावरचा मित्र चार हातांवर उभा असतो.

दुसरा शत्रू तर दिसतही नाही. नदीवरचा ठेंगणा बंधारा. वरून सांडणारं पाणी खाली बुडी मारतं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडे धावतं. त्यात सापडलेला माणूस पुनःपुन्हा बंधाऱ्याखाली ओढला जातो. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅमटनला अशाच बंधाऱ्याखाली बचावासाठी गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांवरच बुडायची वेळ आली. अशा जागेला तिकडे ‘बुडवायचं यंत्र’ म्हणतात. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्याकडे नद्यानद्यांवर आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावरून पाण्याची सरळ, गुळगुळीत चादर पडते आणि तिच्याखाली पोरं सूर मारतात.

१९७८ साली दोन मोठे मोहरे गेले. मे महिन्यात ब्लॅकॅडार पेएट नदीच्या दक्षिण फाट्यावर एका वळणावर प्रवाहात आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली अडकले. अशा झाडाला तिथले लोक गाळणी म्हणतात. पाणी गाळून निघतं, माणूस राहतो. टर्नबॅकपुढे ती नदी काहीच नव्हती, आणि यावेळी सोबतीही होते. त्याच वर्षी काराकोरममध्ये ब्राल्डू नदीत, अडचणीत सापडलेल्या साथीदाराकडे जाताना माइक जोन्स बुडाला. एव्हरेस्टच्या पायथ्यापासून दूधकोसीतून १९७६ साली कयाक नेणारा हा ब्रिटिश डॉक्टर, तिशीही न गाठलेला. दोघेही डॉक्टर होते याला काही अर्थ आहे असं मला वाटत नाही, पण लक्षात राहतं खरं.

छपरावरून फेकली तरी न मोडणाऱ्या रॉयलेक्सचं उत्पादन बंद करत असल्याची घोषणा २०१३ मध्ये झाली, आणि तेव्हा त्याच्याही आठवणींनी लोक हळवे झाले. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला होडीच म्हणायला तयार नव्हते, त्याला ‘जुनं ते सोनं’ व्हायला एवढाच काळ लागला. भूर्जाची होडी बनवणारे कारागीर आजही आहेत, क्लेपरच्या घडीच्या होड्याही मिळतात, आणि ग्रमन तर अंगणात उपडी पडून आहेच. मला निवडायला सांगितलं तर मी शिंप्याची होडी घेईन, पण डोक्यावर आजचं हेल्मेट आणि अंगात आजचं जॅकेट घालून.

कोलाडला कुंडलिकेत सकाळी वीजकेंद्रातून पाणी सुटतं आणि तराफे निघतात. त्याआधी काठावर गाइड पोरगा पाच मिनिटं बोलतो. तो सांगेल, की पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे आणि वर, बुटांची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, आणि काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभे राहू नका. ती पाच मिनिटं सेल्फी काढू नका.